जुनी ऑडी घेताना: शेंद्र्याचा शिक्का, जर्मनीचे पार्ट

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदमच रस्त्यावर उतरल्या. दुष्काळी म्हणवणाऱ्या मराठवाड्यात एवढा पैसा आला कुठून, याची तेव्हा देशभर चर्चा झाली. ऑडीचा असा गाजावाजा झाला नाही, पण विक्री जोरात होती. २०१३ मध्ये भारतात वर्षाला दहा हजार गाड्यांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली लक्झरी कंपनी ठरली. २०११ ते २०१६ मध्ये विकली गेलेली ती सगळी फौज आता सेकंड-हँड बाजारात आहे. जालन्याच्या व्यापाऱ्याकडून परभणीच्या कंत्राटदाराकडे आणि तिथून एजंटाच्या प्लॉटवर असा प्रवास झालेली ऑडी ए४ आज नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते. भाव हॅचबॅकचा असला तरी गिअरबॉक्सचं बिल मात्र ऑडीचंच येतं.

त्यामुळे 'ऑडी घ्यावी का' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कोणत्या इंजिनाची, कोणत्या गिअरबॉक्सची आणि कुणी कशी सांभाळलेली, हे विचारायला हवं. चार रिंगा सगळ्यांनाच सारख्या असतात, गाडी मात्र एकेक वेगळी निघते.

शेंद्र्यात बनते, मग पार्ट महाग का?

औरंगाबादजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि २००७ पासून तिथं ऑडीचीही जुळणी होऊ लागली. इथं 'जुळणी' हा शब्द महत्त्वाचा आहे. पूर्ण तयार गाडी आयात केली तर शुल्क फार बसतं, म्हणून सुट्या भागांचं किट मागवून गाडी इथं जोडली जाते. शेंद्र्यात बोल्ट आवळले जातात, गिअरबॉक्स तिथं ओतला जात नाही. कारखान्याचं गेट जालना रोडवरून दिसतं म्हणून लोअर आर्म (पुढच्या चाकाला धरून ठेवणारा दांडा) चिकलठाण्यात स्वस्त मिळेल, ही समजूत पहिल्याच बिलाला उतरते.

शेजारचा खरा फायदा दुसराच आहे. ऑडी, स्कोडा आणि फोक्सवॅगन एकाच समूहातल्या असल्यानं कित्येक पार्ट नंबरासकट सारखे असतात. नंबराची पहिली तीन अक्षरं बघा. ८के० असेल तर तो पार्ट मुळात त्या पिढीच्या ए४ चा. ०३एल असेल तर तो कॉमन रेल डिझेल इंजिनाचा, आणि तोच पार्ट स्कोडा लॉरा किंवा सुपर्बच्या डिझेललाही असण्याची शक्यता दांडगी. संभाजीनगर, लातूर, नांदेडला लॉरा-सुपर्बवर हात बसलेले फिटर आहेत. ऑडीचं डिझेल इंजिन त्यांना नवं नाही. ऑडीच्या गिअरबॉक्सबद्दल मात्र असं म्हणता येत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो.

कंपनीचा इतिहास, खरेदीपुरता

ऑगस्ट हॉर्श या इंजिनिअरनं १८९९ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. संचालकांशी बिनसल्यावर १९०९ मध्ये तो बाहेर पडला आणि त्स्विकाऊ गावात त्यानं दुसरी कंपनी काढली. जुन्या कंपनीनं खटला भरला आणि हॉर्शला स्वतःचंच आडनाव वापरायची बंदी झाली. जर्मनमध्ये 'हॉर्श' म्हणजे 'ऐक'. नाव शोधायला मित्राच्या घरी बैठक बसली असताना लॅटिनचा अभ्यास करणाऱ्या त्या मित्राच्या मुलानं सुचवलं: 'ऑडी'. अर्थ तोच, भाषा वेगळी. जुनी ऑडी घेणाऱ्यानं हा अर्थ ध्यानात ठेवावा. सकाळी थंड इंजिन चालू करताना कान द्यायचा असतो, ते पुढं येईलच.

१९३२ मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वाँडरर या चार कंपन्या मिळून ऑटो युनियन झाली. चार रिंगा म्हणजे त्या चार कंपन्या. युद्धानंतर सॅक्सनीतले कारखाने सोव्हिएत हद्दीत गेले आणि कंपनी १९४९ मध्ये बव्हेरियातल्या इंगोलश्टाटला नव्यानं उभी राहिली. १९५८ मध्ये ती डाइम्लर-बेंझकडे गेली, म्हणजे ऑडी काही वर्षं मर्सिडीजच्या घरातच होती. १९६० च्या दशकाच्या मध्यात फोक्सवॅगननं ती विकत घेतली. फोक्सवॅगनला तिथं बीटलच बनवायच्या होत्या. लुडविग क्राउस या इंजिनिअरनं वरिष्ठांना अंधारात ठेवून ऑडी १०० तयार केली, ती १९६८ मध्ये आली आणि कंपनीचं नाव टिकलं. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो आली आणि १९८२ मध्ये तिनं रॅलीचं जागतिक उत्पादक विजेतेपद मिळवलं. चारही चाकांना ताकद ही ओळख तिथून चिकटली. भारतात विकलेल्या बऱ्याच ए४ आणि ए६ ला मात्र ताकद फक्त पुढच्या चाकांनाच आहे. मागं क्वात्रोचा बिल्ला दिसला तर तो कंपनीचा की बाजारातून आणून चिकटवलेला, हे रॅम्पवर चढवून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट बघून ठरवा.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून ऑडीनं संपूर्ण बॉडीला जस्ताचा थर द्यायला सुरुवात केली. ही कीर्ती खरी आहे आणि खरेदीदाराच्या कामाची आहे. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ऑडीच्या पत्र्याला गंज दिसला, तर तो बहुधा म्हातारपणाचा नसून अपघाताचा असतो. ठोकलेला पत्रा तासून पुट्टी आणि कलर मारला की जस्त निघून जातं.

कीर्तीला दोनदा तडा गेला. दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत, पण लोक त्यांची सरमिसळ करतात. १९८६ मध्ये अमेरिकेत एका टीव्ही कार्यक्रमानं ऑडी ५००० आपोआप पळते असं दाखवलं. तिथली विक्री १९८५ मधल्या ७४ हजारांवरून १९९१ पर्यंत १२ हजारांवर आली. १९८९ मध्ये सरकारी तपासाचा निष्कर्ष आला की चालक ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबत होते. ती बदनामी अन्यायाची होती. सप्टेंबर २०१५ ची मात्र कमावलेली होती. चाचणीच्या वेळीच धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर फोक्सवॅगन समूहानं डिझेल इंजिनात बसवल्याचं उघड झालं. ऑडीचे तेव्हाचे प्रमुख रुपर्ट श्टाडलर यांना २०१८ मध्ये अटक झाली आणि २०२३ मध्ये निलंबित शिक्षा झाली. भारतात समूहानं डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या, त्यात ऑडीच्या सुमारे ३६,५०० होत्या. त्यांतली एखादी आज तुमच्यासमोर उभी असू शकते. २००८ ते २०१५ मधली २.० टीडीआय (म्हणजे टर्बो डिझेल) असेल, तर इंजिन या प्रकरणातल्या ईए १८९ कुळातलं आहे का आणि सॉफ्टवेअरचं काम झालं होतं का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारा. २.० लिटरच्या इंजिनाला फक्त सॉफ्टवेअर बदललं गेलं, पार्ट नाही.

आधी स्टिकर वाचा

डिकीतली चटई उचला. स्टेपनीच्या खळग्यात किंवा बाजूला पांढरा कागदी स्टिकर असतो, तोच सर्व्हिस बुकातही असतो. त्यावर चेसिस नंबर, किलोवॅटमधली ताकद, इंजिनाचा चार अक्षरी कोड, गिअरबॉक्सचा कोड आणि रंगाचा कोड छापलेला असतो. तो फाडलेला किंवा नुसता डिंकाचा डाग उरलेला असेल, तर मागून ठोकर बसून डिकीचा तळ बदलला असण्याची शंका घ्या.

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: ए म्हणजे २०१०, बी २०११, सी २०१२, डी २०१३, ई २०१४, एफ २०१५, जी २०१६. एजंट २०१३ ची म्हणतो आणि दहाव्या जागी बी आहे, तर गाडी दीड-दोन वर्षं शोरूममध्ये पडून होती किंवा एजंट खोटं बोलतोय. काचेखालचा, स्टिकरवरचा आणि आरसीवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. फोटो काढून घरी निवांत जुळवलं तर उत्तम, कारण प्लॉटवर चहा पाजत घाई करणं हा एजंटाचा धंदाच आहे.

कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स

२.० टीडीआय, ईए १८९: ए४ वर सीएजीए किंवा सीजेसीए, नंतरच्या १७७ हॉर्सपॉवरला सीजीएलसी असे कोड दिसतात. इंजिन दणकट आहे. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवायला याला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. आपल्याकडची धूळ आणि उन्हाळा धरला तर १,२०,००० किमीला बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकत्रच बदलावेत. एकटा बेल्ट बदलून जुना पंप ठेवायचा आणि तोच पुढं जाम होऊन नवा बेल्ट तोडायचा, ही चूक फार होते. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. याची दुसरी दुखणी म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर इंजिनात परत सोडणारा) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीनं चोंदणं. घर ते दुकान एवढीच चाललेली कमी किलोमीटरची डिझेल ऑडी म्हणूनच मोहात पाडते आणि फसवते. डीपीएफ जळून साफ व्हायला गरम इंजिन आणि सलग वेग लागतो. संभाजीनगर-पुणे करणाऱ्या माणसाची दीड लाख चाललेली गाडी ही शहरातल्या गर्दीच्या गुलमंडीत फिरलेल्या साठ हजारवालीपेक्षा कित्येकदा बरी निघते.

२००७-०८ च्या आसपासची जुन्या पद्धतीची २.० टीडीआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र डिझेल पंप असलेली पंप-ड्यूझवाली, सोडून द्या. त्यात ऑइल पंप फिरवणारा एक छोटा षट्कोनी शाफ्ट झिजतो, ऑइलचं प्रेशर जातं आणि टर्बोसकट इंजिन बसतं. शिवाय तिची पंधरा वर्षं संपलेली असतात, म्हणजे फेरनोंदणीचं काम वेगळंच.

१.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल, साधारण २००९ ते २०१२: ही ईए ८८८ या पेट्रोल इंजिनाची दुसरी पिढी. चालवायला झकास आणि ऑइल पिण्यात पटाईत. पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक आणि त्यांची भोकं लहान, ती कार्बननं बुजतात आणि ऑइल वर जाऊन जळतं. कंपनीच्या पुस्तकात १००० किमीला अर्धा लिटरपर्यंत ऑइल 'चालतं' असं लिहिलेलं असतं. आजारी इंजिन त्याच्याही पुढं जातं. इलाज म्हणजे सुधारित पिस्टन-रिंगा, म्हणजे इंजिन पूर्ण उघडणं. याच पिढीत टायमिंग चेनचा टेन्शनर नाजूक होता. थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद चेनचा खडखडाट आला, तर टेन्शनर तातडीनं बदलायचा, नाहीतर चेन दात सोडते. ऑइल डिपस्टिक शोधू नका. या काळातल्या बऱ्याच ऑडींना ती नसतेच, पातळी स्क्रीनवर बघायची. विकणाऱ्याला 'मधे ऑइल टॉप-अप किती वेळा लागतं' असं सहज विचारा आणि डिकीत ऑइलचा अर्धा डबा ठेवलेला आहे का तेही बघा.

३.० टीडीआय: क्यू७, क्यू५, मोठी ए६. ताकद भरपूर आणि आयुष्य मोठं, पण टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहेत. त्या वाजायला लागल्या तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. खर्च चेनपेक्षा मजुरीचा जास्त.

२०१६ च्या नव्या ए४ मधलं १.४ टीएफएसआय हे गावात रोज वापरायला सगळ्यांत कमी डोकेदुखीचं. बेल्टचं इंजिन, ओल्या (म्हणजे ऑइलात बुडालेल्या) क्लचचा गिअरबॉक्स, डीपीएफची कटकट नाही. २०२० पासून तर ऑडीनं भारतात डिझेल बंदच केलं.

आता गिअरबॉक्स. शोरूमच्या ब्रोशरमध्ये सगळे 'ऑटोमॅटिक'च होते, पण आत निदान चार वेगळे प्रकार आहेत.

मल्टिट्रॉनिक (०एडब्ल्यू): पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या ए४ आणि ए६ २.० टीडीआयमध्ये हाच. यात गिअर नसतातच, दोन पुली आणि त्यांमधली स्टीलची साखळी असते. स्पोर्टमध्ये सात-आठ 'गिअर' दिसतात ते नुसते सॉफ्टवेअरचे. गरम हवा, संथ वाहतूक आणि न बदललेलं ऑइल, या तिन्हींचा याला त्रास. लक्षणं: १० ते २० किमी वेगात हिसके, रिव्हर्स टाकल्यावर उशिरा पकड आणि मीटरमधली गिअरची अक्षरं उलट्या रंगात चमकणं. ऑइल दर ६०,००० किमीला, एका वेळी साधारण ५ लिटर, आणि तेही खास याच गिअरबॉक्सचं. कुणी साधं ऑटोमॅटिक ऑइल भरलं असेल तर साखळी घसरून पुली चरतात. मल्टिट्रॉनिक ए४ घेऊच नये असं नाही, पण ऑइल बदलल्याची दोन तरी बिलं नसतील तर किंमत कितीही पाडली तरी नको.

एस ट्रॉनिक, सात गिअर, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेत बसवलेल्या क्यू५ आणि ए६ मधला (०बी५): दोन ओले क्लच. चालायला सुंदर, पण सुरुवातीच्या वर्षांत मेकॅट्रॉनिकचे (गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटचे) सेन्सर जात असत. दुसऱ्याचा पहिला करताना, म्हणजे सिग्नलजवळ वेग मरताना, मागून धक्का दिल्यासारखं वाटतं का बघा.

एस ट्रॉनिक, क्यू३ २.० टीडीआयमधला सात गिअर (डीक्यू ५००): या यादीतला सगळ्यांत भरवशाचा. ऑइल आणि फिल्टर ६०,००० किमीला. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचं ऑइल वेगळं असतं, जेमतेम एक लिटरच्या आत, आणि तेच हमखास विसरलं जातं.

ए३ पेट्रोलमधला कोरड्या क्लचचा सात गिअर: उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये क्लच तापतात आणि गाडी थरथरत सुटते. बाकी ए३ गुणी आहे.

बघायला जाण्याचा दिवस

सकाळी सातच्या आत जा आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा की गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कुणीतरी आधीच चालवून आवाज लपवलाय. इंजिन थंड असेल तर काचा खाली, एसी बंद, आणि दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवू द्या. तुम्ही बोनेटपाशी ऐका. पहिले पाच सेकंद महत्त्वाचे. चेनचा खडखडाट, डिझेलमध्ये एकसारखी टकटक, ड्युअल मास फ्लायव्हीलचा (इंजिनाचे धक्के शोषणाऱ्या जड चकतीचा) डबा हलवल्यासारखा आवाज, सगळं तिथंच कळतं. पेट्रोलच्या सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल.

क्यू७ किंवा हवेच्या सस्पेन्शनची दुसरी कोणती गाडी असेल तर एक रात्र उभी करून ठेवायला सांगा. सकाळी चारही मडगार्डची उंची नुसत्या सुतळीनं मोजली तरी चालेल. एक कोपरा खाली बसलेला असेल तर सस्पेन्शनची हवेची पिशवी गळते, आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही मरतो.

मग रॅम्प. चाचणीला जाण्यापूर्वी गाडी कोणत्याही मोठ्या गॅरेजच्या रॅम्पवर घ्या. गावागावातल्या उंच स्पीडब्रेकरमुळे आपल्याकडे ऑडीचं पोट घासतं. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर गायब आहे का? ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचा असतो, त्याला तडा गेल्यावर एम-सील लावून भागवलेलं दिसलं तर तिथंच थांबा. ए४, ए६ आणि क्यू५ ला पुढच्या बाजूला प्रत्येकी चार-चार आर्म असतात, सगळ्यांचे बुश टॉर्च मारून बघा. एकेक आर्म बदलण्यात पैसा वाया जातो, बाजूचा पूर्ण सेट घ्यावा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी कितीही असली तरी समृद्धीवर नेऊ नका. मे महिन्यात तिथल्या तापलेल्या काँक्रीटवर १२० च्या वेगानं जुने टायर फुटतात. क्वात्रो असेल तर चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे हवेत.

चाचणी दोन टप्प्यांत. आधी गर्दी: संभाजीनगरात असाल तर क्रांती चौक ते चिकलठाणा, संध्याकाळी साडेसहाला. ऑइल तापल्यावरच गिअरबॉक्स खरं बोलतो, त्यामुळे पाऊण तास तरी चालवा. मग चढ: कन्नडचा घाट किंवा बीडकडे मांजरसुंबा. चढावर थांबवून पुन्हा उचला आणि तिथंच रिव्हर्स टाकून बघा. एसी पूर्ण चालू ठेवून तापमानाचा काटा ९० वरून हलतो का तेही बघा. ऑडीचा काटा एका पट्ट्यात मुद्दाम ९० वरच धरून ठेवलेला असतो. तो हलला म्हणजे आत आधीच बरंच तापलेलं असतं.

कूलंटच्या टाकीचं झाकण गाडी पूर्ण थंड असतानाच उघडा. आत गुलाबी किंवा जांभळं पाणी दिसायला हवं. तपकिरी गाळ किंवा टाकीच्या भिंतीला पांढरा थर म्हणजे कुणीतरी बोअरचं पाणी भरत आलाय. आपल्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजतात, शिवाय ॲल्युमिनियम खातं ते वेगळंच. पातळी कमी झाली की घरचा तांब्या ओतायचा, हा ट्रॅक्टरला चालणारा उपाय ऑडीला महागात पडतो.

स्कॅनर आणि मीटर

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला साधं ब्लूटूथचं खेळणं लावून भागत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांसाठीचं व्हीसीडीएस किंवा अधिकृत सेंटरचं ओडीआयएस हे तपासणीचं सॉफ्टवेअर असलेला माणूस शोधा. लाल दिवे नाहीत यावर समाधान मानू नका, कारण आदल्या दिवशी कोड पुसलेले असतात. कोड पुसून पन्नासेक किमी चालवल्यावर पुन्हा स्कॅन करा. डीपीएफमधली राख आणि शेवटच्या सफाईनंतरचं अंतर बघा. मीटर मागं केलेलं असतं तेव्हा बहुधा मीटरपुरतंच केलेलं असतं. इंजिन कंट्रोल युनिट आणि गिअरबॉक्समधला आकडा वेगळा निघाला की भाव करण्याऐवजी निघून यावं. त्याशिवाय अधिकृत सेंटरवर चेसिस नंबरावर सर्व्हिसचा इतिहास काढायला मालकाला सोबत न्या.

कागद

आरसीवर बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बोजा उतरल्याचं परिवहनच्या संकेतस्थळावर दिसेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. गाडी कंपनीच्या नावावर असेल, आणि ऑडी बऱ्याचदा असतेच, तर संचालकांचा ठराव लेटरहेडवर हवा. एमएच २१ वरून एमएच २० किंवा २४ वर नेताना राज्य तेच, पण दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्यानं. तो वयाप्रमाणे कमी होतो, तरी महागड्या गाडीला बराच बसतो. हैदराबाद आणि दिल्लीची गाडी दोन-तीन लाखांनी स्वस्त वाटते ती एवढ्यासाठीच. दिल्लीकडच्या डिझेलवर तर २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानं दहा वर्षांनंतर बंदीची टांगती तलवार आली होती, म्हणून ती इकडे ढकलली जाऊ लागली. तिचे टायर आणि सस्पेन्शन बरे असू शकतात, कर आधी मोजा. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा वेगळा काढूनच सौदा करा, तो या महिन्यासाठी. इंजिन ऑइल ताबडतोब: २.० टीडीआयला साधारण ५ लिटर, ५डब्ल्यू-३०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०७ ०० हा आकडा असलेलंच. तो नसलेल्या ऑइलच्या राखेनं डीपीएफ कायमचा भरतो. पेट्रोलला ५०४ ०० किंवा जुन्या मॉडेलला ५०२ ००. कंपनीचं पुस्तक वर्षभराचं अंतर देतं, आपल्या धुळीत १०,००० किमी पुरे. डिझेल फिल्टर ३०,००० ला, पण जुना काढल्यावर त्यातलं पाणी बाटलीत ओतून बघा. थेंबापेक्षा जास्त निघालं तर पंप बदला, म्हणजे भरायचा पेट्रोल पंप. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. कूलंट पूर्ण काढून डिस्टिल्ड पाणी आणि समूहाचं कूलंट अर्धं-अर्धं.

बॅटरी ए४ आणि ए६ मध्ये डिकीत असते. नवी बसवली की तिचा नंबर गाडीच्या संगणकात भरावा लागतो. चौकातला बॅटरीवाला ते करत नाही, मग गाडी जुनीच बॅटरी समजून चार्ज करत राहते आणि वर्षात नवी बसते.

शेवटचं काम मे महिन्यात करायचं. गाडी कडुलिंबाखाली लावत असाल तर वायपरखालची जाळी उचला. तिथल्या खोबणीत पाला साचतो आणि तळाची रबरी निकास-नळी बुजते. पहिल्या वळवाचं पाणी मग ब्रेक बूस्टर आणि इलेक्ट्रॉनिक पेटीकडे जातं. पाला हातानं काढा, नळीतून पाण्याची बाटली ओतून ते गाडीखाली पडतंय याची खात्री करा. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्यांना हीच चाचणी लावा. त्यात दाबानं हवा मारू नका, नळी आतल्या आत सुटली तर पाणी थेट छताच्या कापडात उतरतं.